रीळ संपेपर्यंत

डनीडिन,
गुरुवार, १४ मे १९९८

चि. कर्स्टी हिस,
एल्स्पेथ आत्याचे आशीर्वाद.

तुझे एप्रिलअखेरचे पत्र पोचले. तुमच्या बेटाला बोट लागणे वाऱ्याच्या मर्जीवर असते, हे लक्षात घेता ते वेळेवर पोचले असेच म्हणायला हवे. पक्ष्यांच्या पायांत ओळखीच्या कड्या घालण्याचे काम संपत आले, हे वाचून बरे वाटले. येथे थंडीने यंदा घाई केली. बागेतली शेवटची सफरचंदे उतरवून झाली. गुडघा तक्रार करतो. मी ती नोंदवून घेते आणि पुढे जाते. गल्लीतल्या बायका मंगळवारपासून खाण्याच्या थाळ्या आणून ठेवत आहेत. प्रत्येक थाळीच्या तळाशी मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी आहे, म्हणजे थाळी परत करायची टाळाटाळ कुणाला करता येऊ नये. फळीवर आता जागा नाही आणि दोन फ्रूटकेक खिडकीत ठेवावे लागले आहेत.

आता मुद्दा.

चित्रपट संग्रहालय तुझ्या वडिलांच्या, डंकनच्या, ‘मेजरची अंत्ययात्रा’ची नवी प्रत तयार करीत आहे आणि ती पुन्हा देशभर दाखवली जाईल. त्या प्रतीतून तुझा प्रसंग काढून टाकावा, अशी तुझी मागणी आहे. तुझे वाक्य मी जसेच्या तसे उतरवते, म्हणजे मी ते सौम्य करून घेतले असा आरोप येणार नाही: “बाबा माझ्यावर हसले, आणि मग सगळा देश हसला. हे पुन्हा व्हायला नको.” डंकनला पक्षाघात झाल्यावर त्याच्या वतीने सही करण्याचे कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे झाले, म्हणून तू ही मागणी माझ्याकडे केलीस. रीतीला धरूनच केलीस.

मी निम्मे आयुष्य न्यायासनावर काढले आहे. समोरचा पक्ष बोलू शकत नाही एवढ्यावरून त्याच्याविरुद्ध निकाल देण्याची मला सवय नाही. तेव्हा त्याची बाजू मीच मांडते. यातले बरेचसे तुला माहीत आहे. क्रम लागावा म्हणून लिहिते. एक गोष्ट आरंभीच सांगून टाकते. डंकनचे विनोदी चित्रपट मला कधी फारसे आवडले नाहीत, त्यामुळे माझी साक्ष पक्षपाती ठरू नये.

तू जन्मण्यापूर्वी डंकन सरकारी चित्रपट विभागात छायाचित्रकार होता. धरणे, लोकर आणि रेल्वेचे पूल हे त्याचे विषय. एखाद्या ढगाची सावली टेकडीवरून सरकावी म्हणून तो अख्खी दुपार दगडावर बसून राहायचा, आणि वरिष्ठ त्याला आळशी म्हणायचे. एका हिवाळ्यात त्याला मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धेवर पाठवले. तिथे एका कुत्र्याने मेंढ्या सोडल्या आणि टोपी घातलेल्या परीक्षकाला हाकत हाकत कुंपणात नेऊन कोंडले. डंकनच्या खांद्यावर कॅमेरा होता. छायाचित्रकाराने कॅमेऱ्यामागे हसायचे नसते, कारण खांदा हलला की चौकट हलते. तोपर्यंत हसू आले की तो कोटाची कॉलर दातांत धरायचा. त्या दिवशी कॉलर सुटली. पडद्यावर परीक्षक, कुत्रा, टेकड्या आणि आभाळ सगळेच गदगदू लागले. वरिष्ठांनी तेवढा तुकडा फेकून द्यायला सांगितले.

“रेनी, तुला पगार कॅमेरा धरायचा मिळतो, हसायचा नाही.”

“मग हसायची नोकरी कुठे मिळते तेवढं सांगा.”

अशी नोकरी कुठेही नव्हती, म्हणून त्याने ती स्वतःच निर्माण केली. सरकारी काम सोडले आणि तो विनोदी चित्रपट काढू लागला. आपला देश छोटा, त्यामुळे दिग्दर्शनही तोच करायचा आणि कॅमेराही तोच धरायचा. ढगाची वाट पाहणे त्याने बंद केले. रडण्याला सावली पुरते, असे तो म्हणायचा. हसायचे असेल तर उजेड सगळीकडून पाहिजे, कारण पडणाऱ्याचे पाय, बघणाऱ्याचे तोंड आणि निसटलेले कुत्रे ही तिन्ही लोकांना एकदमच दिसली पाहिजेत. तुझी आई कपडे शिवायची आणि सगळ्यांना चीज रोल भाजून घालायची. त्याचा जुना मित्र हेनारे नट म्हणून प्रत्येक चित्रपटात असायचाच. एखादा विनोद साधला की नाही हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती. डंकनने ‘कट’ म्हटले की हेनारे विचारायचा, “हलली का?” चौकट हलली असेल तर प्रसंग पक्का, नसेल तर पुन्हा.

ही कसोटीच तुझ्या तक्रारीच्या मुळाशी आहे. तुझ्या प्रसंगात चौकट हलते, आणि त्या मंडळींच्या भाषेत चौकट हलणे म्हणजे डंकन हसणे. तू त्यांच्यातच वाढलीस, त्यामुळे तुझा निष्कर्ष निराधार नाही.

प्रसंग रॅनफर्लीच्या माळावर झाला. बक्षिसे मिळवलेला मेंढा मेजर मरतो, आणि गाव त्याला माणसासारखे पुरायचे ठरवते. हेनारे पाद्री झाला होता. शाळेच्या वतीने एक मुलगी चार शब्द बोलते. ती तू, वय वर्षे नऊ. तुला दिलेली वाक्ये अशी: मेजर चांगला मेंढा होता, प्रदर्शनांत त्याला फिती मिळाल्या, आणि पाद्रीबुवा सोडले तर त्याने कधी कुणाला ढुशी मारली नाही. तू ती चोख म्हटलीस. तिथे थांबायचे होते. तू थांबली नाहीस. खड्ड्यात पाहत तू म्हणालीस:

“तिला थंडी वाजेल. तिचे बूट कुणी काढले का? बूट घालून तिला झोप येत नाही.”

मुलगी मेंढ्याला ‘ती’ म्हणते आणि त्याच्या बुटांची चौकशी करते, एवढेच लोकांनी ऐकले. ऑकलंडपासून इन्व्हरकार्गिलपर्यंत चित्रपटगृहे हसून लोटपोट झाली. शाळेत मुले तुला वर्षभर बूट दाखवत राहिली, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा तुझ्या आईला, मॉयराला, जाऊन एकच हिवाळा उलटला होता. आपल्या घराण्याची रीत अशी की चर्चमधली प्रार्थना आटोपली की पुरुषांनी कबरीकडे जायचे, आणि बायका-मुलांनी घरी येऊन चहा मांडायचा. तुझ्या आजोबांनी ती रीत मोडू दिली नाही. पुरुष टेकडीवर गेले तेव्हा तू शेजारच्या स्वयंपाकघरात स्कोनला जॅम लावत होतीस. मेंढ्याचा खड्डा हा तू पाहिलेला पहिला खड्डा. तू कुणाबद्दल बोलत होतीस, हे तुला समजावण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे, की कॅमेऱ्यामागच्या माणसाला ते समजले होते की नाही.

येथे मला मार्चमधली तुझी भेट मध्ये आणावी लागते, कारण तुझ्या पत्राच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत तीही आहे. इतक्या वर्षांनी तू आलीस, त्याच्या पलंगापाशी बसलीस आणि त्याला सांगितलेस की तू आईच्या कबरीवर जाऊन आलीस. आणि तो हसला. मोठ्याने. तू कोट चढवलास आणि मला नमस्कारही न करता निघून गेलीस. याबद्दल डॉक्टरांचे मत मी लेखी मागवले. अशा आघातानंतर हसणे आणि रडणे यांची आपापल्या कारणांपासून फारकत होते; आत एक असते आणि बाहेर दुसरेच येते. मी स्वतः पाहिले ते असे. लापशीचा वाडगा आला की त्याच्या डोळ्यांना धार लागायची. कर विभागाचे पत्र वाचून दाखवले तर पोट धरून हसायचा. हेनारे दर आठवड्याला यायचा आणि दारातूनच सुरुवात करायचा. “काय रे डंक्या, आज दाढी केली की गवत कापलं?” डंकन हुंदके देऊन रडायचा. हेनारे माझ्याकडे वळून म्हणायचा, “बघा बाई, चाळीस वर्षं झाली, याला माझा विनोद अजून झेपत नाही.”

मार्चमधले हसणे अशा प्रकारे निकालात निघते. परंतु त्यावरून रॅनफर्लीचे हसणेही निकालात निघते असे मी म्हणणार नाही. तेव्हा त्याचा मेंदू धडधाकट होता. तो पुरावा वेगळा तपासला पाहिजे.

मी तो तपासला. संग्रहालयाने मला मूळ रिळे पाहू आणि ध्वनिफिती ऐकू दिल्या. जिथे जिथे चौकट हलते तिथे तिथे, क्षणभरानंतर, डंकनचा आवाज येतो. हसण्याने फुटलेला, कधी खोकल्यात अडकलेला, पण येतोच: “कट.” तो शब्द त्याच्याशिवाय कुणी म्हणायचा नसे, म्हणून कितीही हसू आले तरी त्याला तो म्हणावाच लागे. तुझ्या प्रसंगात तो शब्द नाही. तुझे बोलणे संपते. वारा ऐकू येतो. हेनारे पदरचे “आमेन” म्हणतो. मग तू खड्ड्याच्या कडेशी नुसती उभी आहेस, चौकट हलते आहे, आणि रीळ संपेपर्यंत कुणी काहीही बोलत नाही. चित्रपटात यातला पहिला भाग तेवढा आहे. उरलेला मीही आता पहिल्यांदा पाहिला.

यावरून एवढेच सिद्ध होते की त्याला बोलता आले नाही. हसणाऱ्या डंकनला बोलता येत असे, हे इतर रिळे सांगतात. यावर तू म्हणशील, आणि म्हणण्याचा तुला अधिकार आहे, की बोलता येत नव्हते असे नव्हे, त्याला बोलायचे नव्हते. असा प्रसंग पुन्हा मिळणार नाही हे त्याने ओळखले आणि कॅमेरा चालू ठेवला. तो दिग्दर्शक होता, आणि दिग्दर्शक लोभी असतात. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. त्याच्यासमोर दोन गोष्टी ठेवता येतात.

पहिली अशी. त्या दिवसानंतर डंकनने कॅमेरा कधीही खांद्यावर घेतला नाही. पुढच्या चित्रपटांत तो तिपाईवर आहे, भिंतीसारखा स्थिर. ते चित्रपट चालले नाहीत. समीक्षकांनी लिहिले की रेनीच्या विनोदातला जीव गेला. शेवटी तो साबणाच्या आणि मोटारींच्या जाहिराती करू लागला, तेव्हा लोक म्हणाले की यश डोक्यात गेले. ज्या युक्तीने नाव झाले ती कुणी लोभी माणूस टाकून देत नाही.

दुसरी गोष्ट ऐकीव आहे, आणि न्यायालयात मी ती दाखल करून घेतली नसती. हेनारेने ती गेल्याच आठवड्यात सांगितली, तुझ्या पत्राबद्दल ऐकल्यावर. चित्रपट जोडताना निर्मात्याला तो प्रसंग नको होता. पोरगी मेंढ्याला ‘ती’ म्हणते, तो म्हणाला. चूक राहिली आहे, लोक आपल्याला अडाणी म्हणतील, ते वाक्य काढ. डंकन दोनच शब्द बोलला.

“चूक नाही.”

निर्मात्याला वाटले, हाही विनोदच. तो हसला आणि प्रसंग राहिला.

मी हेनारेला विचारले की हे तू कर्स्टीला कधी का सांगितले नाहीस. तो म्हणाला, “बाई, मला वाटलं तिला तरी माहीत असेल. मला कळलं, तर पोरीला कळणार नाही होय?” आपल्या माणसांची ही एक खोड आहे. दुसऱ्याला माहीत असेलच, असे धरून आपण गप्प बसतो, आणि या गप्प बसण्याला सभ्यता म्हणतो.

तुझे पत्र मी डंकनला वाचून दाखवले. संपूर्ण, एक शब्दही गाळला नाही. त्याच्याजवळ तेव्हा मोजकेच शब्द उरले होते: ‘चहा’, ‘नाही’, बोटीवरच्या लोकांच्या तोंडी असते तशी एक शिवी, आणि ‘कट’. मी विचारले, तिचा प्रसंग काढायचा का? तो म्हणाला, “कट.” एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर साक्षीदाराला पुन्हा विचारावे लागते, म्हणून मी उलटे विचारले: प्रसंग ठेवायचा का? तो म्हणाला, “कट.” मी तिसऱ्यांदा विचारले नाही. मुलीने मागितले म्हणून आपले सर्वांत चांगले काम कापायला तो तयार होता, की त्या माळावर म्हणायचा राहिलेला शब्द तो आता म्हणत होता, याचा निर्णय माझ्या बुद्धीने होत नाही. तुझे पत्र त्याने उशीखाली ठेवून घेतले. एवढे निःसंदिग्ध आहे.

या ठिकाणी मी निकाल द्यायला हवा. तो मला देता येत नाही. कुलमुखत्यारपत्राला कायद्याने एक मर्यादा घातलेली आहे, जी तुला कदाचित माहीत नसेल. ज्याच्या वतीने सही करायची, तो माणूस असेपर्यंतच ते चालते. मंगळवार सकाळपासून माझ्या सहीला किंमत नाही. मंगळवार सकाळपासून डंकनचे सगळे चित्रपट तुझे आहेत.

कर्स्टी, हे पहिल्या ओळीत यायला हवे होते. तसे केले नाही, कारण मग पुढचे सगळे तू मृत माणसाची वकिली म्हणून वाचले असतेस, आणि दयेपोटी काहीतरी कबूल करून बसली असतीस. पुरावा मृतदेहाच्या सावलीत वाचू नये. हे माझे एक कारण. दुसरे असे, की इथवर लिहीत येईपर्यंत ते वाक्य माझ्या हातून उतरले नाही.

दुसरा झटका आला. वेदना झाल्या नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. ते असेच म्हणत असतात. मी जवळ बसून त्याच्यासाठी संत्रे सोलत होते. सकाळचा उजेड खिडकीतून समोरच्या भिंतीवर सरकत होता आणि डंकन त्या उजेडाकडे पाहत होता. मग त्याचे खांदे हलू लागले. मी त्याचा हात धरला. तो हसत होता की रडत होता, हे मला सांगता येणार नाही. तुला बरे वाटावे म्हणून मी खोटी साक्ष देणार नाही. थोड्या वेळाने खांदे थांबले.

तुमच्या बेटावर सकाळी रेडिओवरून निरोप देता येतो, हे मला माहीत आहे. पण तो निरोप आसपासची प्रत्येक मासेमारी बोट ऐकते. तुझे वडील गेले हे तुझ्या बरोबरीने दहा कोळ्यांना कळावे, हे मला मान्य नव्हते. म्हणून हे पत्र उद्याच्या विमानाने निघेल आणि बोट ते तुला पोचवेल. दफनाची तारीख मी ठरवलेली नाही. पाद्रीबुवांनी दोनदा विचारले. मी सांगितले की तारीख वाऱ्यावर अवलंबून आहे. लोक कुजबुजत आहेत. कुजबुजू देत. या वेळी मी चहा मांडायला घरी थांबणार नाही, कबरीपर्यंत जाणार आहे. तिथे चार शब्द बोलायला मी कुणाचे नाव दिलेले नाही. तू बोलावेस अशी माझी अपेक्षा नाही, आणि तू बोललीस तर कुणी अडवणारही नाही.

प्रसंगाविषयी: संग्रहालयाला मी कळवले आहे की यापुढे तुझा शब्द अंतिम. काढा म्हणालीस तर काढतील, आणि त्यावर मी पुन्हा कधी अवाक्षर काढणार नाही. फक्त ते रीळ, संपेपर्यंतचे, एकदा पाहा. तुला पटवण्यासाठी नव्हे. त्यात तू जितका वेळ उभी आहेस तितका वेळ तोही तुझ्यासमोर उभा आहे, आणि दोघांनाही तिथून हलता आलेले नाही.

आणि उत्तर पत्राने देऊ नकोस. विमानतळावर हेनारे येईल. तो फार बोलतो, बोलू दे. वरची खोली आवरून ठेवली आहे. मला आयुष्यभर युक्तिवाद करता आला, बोलावणे कधी करता आले नाही. तरी हे बोलावणे समजावे.

रेनी घराण्यात आता उरलेल्या दोघींपैकी थोरली,
एल्स्पेथ आत्या